गोप्या आणि पकडमोजे

पृथ्वीवर येऊन शाल्मलीला बावीस दिवस झाले होते. तेवढ्यात तिने नऊ पेले, लोणच्याची एक बरणी आणि आजोबांचा वाचायचा चष्मा फोडला होता. बरं, ही काही धसमुसळी पोर नव्हती. उलट फारच जपून वागायची. कोडं होतं ते हेच. वस्तू हातातून निसटायची, शाल्मली झेलायला वाकायची आणि तिचा हात पोहोचायच्या आत खाली खळ्ळकन आवाज झालेला असायचा.

चांद्रवस्तीत असं कधीच झालं नव्हतं. चार महिन्यांची असताना ती तिकडे गेली होती आणि आता नऊ वर्षांची होती. बाबा अजून तिथेच होते. आई बाळंतपणासाठी माहेरी, कऱ्हाडला आली होती, तिच्याबरोबर शाल्मलीही. पृथ्वीवरचा भार पेलावा म्हणून निघण्याआधी चंद्रावरच्याच उतरणकेंद्रावर तिच्याकडून तीन महिने व्यायाम करून घेतला होता. हाडं, स्नायू अगदी ठणठणीत आहेत, असं डॉक्टरांनी लिहूनही दिलं होतं. मग हातांना झालं होतं तरी काय?

दवाखान्यातून बाळ घरी आलं त्या दिवशी शाल्मली हात पसरून धावली. आईने बाळाला पटकन छातीशी धरलं.

"नको! लांबूनच बघ."

बोलून गेल्यावर आईचा चेहरा उतरला, पण शब्द परत घेता येईनात. शाल्मली गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. आईचं बरोबरच होतं. बाळ म्हणजे काही पेला नव्हे.

बारसं बाराव्या दिवशी होतं. त्या घरची रीत अशी की पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात आणि बाळाला पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देतात. पण बाळाच्या आधी मान गोप्याचा. गोप्या म्हणजे दगडी वरवंटा. वाटण आता यंत्र करायचं, पण वरवंटा बारशापुरता जपून ठेवला होता. त्याला झबलं-कुंची घालून आधी त्याला फिरवायचं.

"आई, मी पण पाळण्याशी उभी राहू?" शाल्मलीने चाचरत विचारलं.

आईने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "गोप्या पडला नाही, तर बाळ देईन."

आजोबांनी लगेच कपाटातून हातात घालायचे पकडमोजे काढले. आजोबा म्हणजे आईचे वडील. माणसाचे हात-पाय कसे शिकतात, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला होता. चंद्रावरून येणाऱ्यांसाठी हे मोजे बनवणाऱ्यांत तेही होते. मोज्यातल्या बारीक पट्ट्या वस्तू निसटायला लागली की आपोआप आवळल्या जायच्या. शाल्मलीने ते चढवले आणि काय सांगावं! पाच दिवस रोज शंभर वेळा गोप्या उचलला, दिला, घेतला. एकदाही पडला नाही. आजोबांची छाती फुगली. मोज्यांवर त्यांचा भारी जीव.

नवव्या दिवशी साताऱ्याहून आत्या आली. तिने मोजे पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, बाळाच्या कोवळ्या अंगाला ही रबरी बोटं लावायची? काढ बघू ती!"

शाल्मलीने मोजे काढले. एवढा सराव झाला होता, आता कसली भीती? तिने उघड्या हातांनी गोप्या उचलला. तो सर्रकन घसरला, आत्याच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटं अंतरावर पडला आणि फरशीला तडा गेला.

"मग नकोच ते," आतून आई हळूच म्हणाली.

शाल्मलीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "पाचशे वेळा केलं मी, आजोबा! पाचशे वेळा! मला हे कधीच येणार नाही."

आजोबा खुर्चीवर बसले. त्यांनी ते मोजे उचलून मांडीवर घेतले. "चूक तुझी नाही, शालू. माझी आहे. इतकी वर्षं हेच शिकवलं आणि घरातच विसरलो. मला सांग, भरलेली समजून रिकामी बादली उचललीस तर काय होतं?"

"हात फटकन वर जातो," ती नाक पुसत म्हणाली.

"का जातो? कारण बादली बघितल्याबरोबर, हात लावायच्या आधीच, मेंदू जोर ठरवून मोकळा होतो. झेलतानाही तसंच. टेबलावरून पडलेला पेला चांद्रवस्तीत खाली यायला साधारण एक सेकंद घेतो. इथे त्याच्या निम्मासुद्धा नाही. तिथे वस्तूंचं वजन इथल्या सहाव्या हिश्श्याएवढं. तुझ्या मेंदूचे सगळे अंदाज चंद्राचे आहेत."

"मग ते बदलायचे कसे?"

"चुका करून. डोळे बघतात, मेंदू अंदाज करतो, हात हलतो, मग काय झालं याची बातमी डोळ्यांकडून आणि बोटांकडून परत येते. अंदाज चुकला असेल तर अनुमस्तिष्क (मेंदूच्या मागच्या बाजूचा, हालचाली नेमक्या करणारा भाग) पुढच्या वेळी थोडी दुरुस्ती करतं. याला म्हणतात संवेदन-कारक अध्ययन (जे जाणवतं आणि जे आपण करतो, त्यांची सांगड घालायला शिकणं). चालणं, घास तोंडात घालणं, अक्षर रेघेवर बसवणं, सगळं असंच येतं."

शाल्मलीने मोज्यांकडे पाहिलं. तिच्या ध्यानात येऊ लागलं होतं. "पण मोजे तर मला चुकूच देत नव्हते!"

"तेच तर! चूक व्हायच्या आत ते पकड आवळायचे. मेंदूला बातमी गेलीच नाही. पाच दिवस सराव मोज्यांनी केला, तू त्यांना नुसते हात वापरायला दिलेस."

उरले होते तीन दिवस. आजोबांनी पलंगावर दोन गाद्या घातल्या आणि तीन किलो तांदळाची पिशवी दुपट्यात गुंडाळली. बाळाचं वजनही तेवढंच होतं. समोर आत्या उभी राहिली. पहिल्या दिवशी चाळीसपैकी एकतीस वेळा पिशवी पडली. "कुठून निसटली ते बोटांना विचार," एवढंच आजोबा म्हणायचे. दुसऱ्या दिवशी चौदा वेळा. शाल्मलीचे दंड भरून आले, पण आता पिशवी घसरू लागली की बोटं तिने न सांगताच आवळत होती. तिसऱ्या दिवशी दोनदा.

"दोनदा पडलीच ना पण!" ती पिशवीकडे बघत म्हणाली.

आजोबांनी खोटा धीर दिला नाही. "हो, पडली. म्हणून उद्या खाली गादी असेल आणि आत्याचे हात तुझ्या हाताखाली असतील. तेवढ्यावर आईही एक संधी द्यायला तयार झाली आहे. भीती वाटली तर सांगायचं."

बारशाला घर माणसांनी भरलं. शाल्मलीचे तळवे घामेजले होते. तिने ते फ्रॉकला पुसले. गोप्या पाळण्याखालून आला. झबलं गुळगुळीत होतं, दगड त्याच्या आत सरकला. पण तिला कळायच्या आत बोटांनी पकड घट्ट केली होती. गोप्या पुढे गेला.

तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग बाळ आलं. आत्याने आपले हात शाल्मलीच्या हातांखालीच ठेवले आणि हळूहळू खाली घेतले. बाळ गरम होतं आणि बरंच जड होतं. शाल्मलीने ते धरलं होतं, नीट धरलं होतं, आणि तिला ते पुढे द्यावंसंच वाटेना.

आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, निहार. निहारने जोरात हात झाडला. त्याची मूठ स्वतःच्याच नाकावर आपटली आणि तो रडू लागला. तोंडावर ओरखडे येऊ नयेत म्हणून त्याच्या दोन्ही हातांना सुती मोजे बांधले होते.

शाल्मली त्या मोज्यांकडे टक लावून पाहत राहिली.

"आई, याची नखं कापलीत ना?"

"कालच कापली. का गं?"

"मग मोजे काढ ना याचे. त्याला कळायला नको का, हात कुठे आहे ते?"

आईने मोज्यांचे बंद सोडले. बाळाचा हात हवेत इकडेतिकडे चुकत फिरला, शाल्मलीच्या बोटाला लागला आणि त्याने ते घट्ट धरलं.

"वर्षभराने आपण चांद्रवस्तीत जाऊ ना," शाल्मली त्याला सांगू लागली, "तेव्हा तिथे तुझा हात वस्तूच्या आधीच पोहोचेल बघ. सगळं चुकेल तुझं. मी असेन तिथे, पण मी झेलणार नाही हं."