मध्ये बोलायचं नाही

"अहो, थांबा! बसू नका तिथं!"

पण तोवर तो बसला होता. आणि बसल्या बसल्या ताडकन उठलाही होता... पायऱ्यांवरच्या बाकावर तिची टाचण्यांची डबी उघडी पडली होती.

"सॉरी," तो कळवळत म्हणाला.

"टोचलं तुम्हाला, आणि सॉरीही तुम्हीच म्हणताय?"

"सवय हो. मी संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवतो. त्या भाषेत धक्का देणाराही सॉरी म्हणतो आणि खाणाराही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. गारठ्याने लाल झालेलं नाक, गळ्याभोवती कसाबसा गुंडाळलेला मफलर आणि कोटाचं एक बटण... एका दोऱ्यावर लोंबकळणारं! ती पडली शिंपीण. लोंबकळणारं बटण दिसलं की तिचा हात शिवशिवायचा.

"जवळ सरका," तिने सुई ओवली.

"कोट काढू? या थंडीत?"

"सरका म्हटलं, काढा नाही म्हटलं."

तो सरकला. बटण लागेपर्यंत त्याने श्वास रोखून धरला होता, हे तिच्या लक्षात आलं. तिने मुद्दामच दोन टाके जास्त घातले.

समोरच्या बर्फावर एक मुलगी गिरक्या घेत होती. गावातलीच स्केटिंगची स्पर्धा, लागोपाठच्या तीन रविवारी होणारी. तो भाचीसाठी आला होता. ती आली होती स्वतःच शिवलेल्या कपड्यांसाठी. मावशीच्या शिलाईच्या दुकानात तिने स्पर्धेतल्या कितीतरी मुलींचे झगे शिवले होते. ऐन वेळी कुठे उसवलं तर धावत जाता यावं म्हणून ती सुईदोरा घेऊन पायऱ्यांवर बसायची.

एवढ्यात ती मुलगी धाडकन आपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पडली तरी टाळ्या?" त्याला काही उमजेना.

"पडली म्हणून नाही हो. उठून पुन्हा तालावर आली म्हणून. आणि तुम्ही पाय काय बघताय? खांदे बघा. खांदा वळला की समजायचं, आता उडी."

त्याने खांदे बघायला सुरुवात केली. मधूनमधून बर्फावरच्या मुलींचे, बाकी वेळ शेजारचे.

"मास्तर," तिने सुई खोचून ठेवली, "मला इंग्रजी शिकवाल? पुस्तकातलं नको, रोजचं. लोक खरोखर बोलतात ते."

कारण तसंच होतं. शेवटच्या रविवारी बाहेरची एक प्रशिक्षिका येणार होती. तिचा चमू हंगामभर गावोगाव फिरायचा आणि कपडे शिवणारं माणूस ती इथूनच निवडून न्यायची. गेल्या वर्षी तिने हिला काहीतरी विचारलं होतं. हिची बोलती बंद झाली. नुसती मान हलवली, हसली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. काम दुसरीला मिळालं.

"यंदा मी स्वतः बोलणार," ती म्हणाली. "मोडकंतोडकं का होईना, पण मीच."

मग दोन उड्यांच्या मध्ये शिकवणी सुरू झाली.

"'हाऊ आर यू' विचारलं की 'फाइन' म्हणायचं आणि पुढे व्हायचं."

"आणि बरं नसलं तर?"

"तरी फाइनच."

"मग विचारतात कशाला? बरं, 'नॉट बॅड' म्हणजे?"

"छान."

"आणि 'इंटरेस्टिंग'?"

"पुष्कळदा... आवडलेलं नसतं, पण तोंडावर सांगवत नाही. आणि 'वुई विल सी' म्हणजे बहुतेक नाहीच."

"कसली माणसं म्हणायची ही! आवडलं तर आवडलं म्हणावं ना!"

"म्हणावं... खरंय," तो म्हणाला, आणि उगाचच मफलर सारखा करू लागला.

दुसऱ्या रविवारी तो तिच्याआधी हजर होता. जागा धरून, कॉफीचे दोन पेले घेऊन. आणि कोटाचं दुसरं बटण लोंबकळत होतं.

तिने दोरा बोटात धरून बघितला. "मास्तर, हा तुटलेला नाही. कापलाय."

"कशावरून?"

"दोरा असा सरळ तुटत नसतो. कात्री घरची की शेजाऱ्यांची?"

तो कानापर्यंत लाल झाला. "इंटरेस्टिंग..." एवढंच पुटपुटला. ती खळखळून हसली. तिलाही बरं वाटलं होतं, चांगलंच बरं वाटलं होतं. पण एका गोष्टीचा मात्र तिला राग यायचा. तिने वाक्य सुरू करावं आणि त्याने ते पुरं करावं.

"आय वुड लाइक टू..."

"शो यू माय वर्क!"

"मला शोधू द्या की हो!"

"सॉरी. वर्गात कुणी अडखळलं की मला राहवतच नाही. त्याआधीच तोंडातून निघून जातं."

"त्या दिवशी मध्ये बोलायचं नाही. कबूल?"

"कबूल. अगदी कानाला खडा."

तिसऱ्या रविवारी, बर्फ सारखा करायला खेळ थांबला, तेव्हा प्रशिक्षिका पायऱ्या चढून वर आली. तिने शिंपिणीच्या मांडीवरच्या निळ्या झग्याकडे बोट दाखवून हा कुणी शिवला असं विचारलं. शिंपीण उठून उभी राहिली.

"आय मेक. आय वुड लाइक टू... टू..."

शब्द ओठांवर होता. येतच होता. आणि शेजारून खळाळत इंग्रजी सुरू झालं! ही फार कसबी आहे, हिला अनुभव आहे, ही वेळेवर काम देते... प्रशिक्षिका त्याच्याकडे वळली. पुढचे सगळे प्रश्न तिने त्यालाच विचारले, उत्तरंही त्यानेच दिली. शेवटी "वुई विल सी" म्हणून ती खाली उतरली.

अर्थ दोघांनाही ठाऊक होता.

"तुम्ही अडखळलात... मला वाटलं..."

"अडखळले, पडले नव्हते," ती म्हणाली. "आणि पडले असते तरी उठले असते. तीन रविवार इथं बसून काय बघितलंत तुम्ही?"

तिने झगा हातावर टाकला.

"मी येऊ का..."

"इथंच बसायचं!"

ती तडक खाली उतरली. "एक्सक्यूज मी," ती प्रशिक्षिकेला म्हणाली. "ही इज टीचर. आय मेक द ड्रेस. प्लीज आस्क मी."

प्रशिक्षिकेने भुवया उंचावल्या. मग सावकाश विचारलं, बाहीखाली हा जादा तुकडा कशासाठी? काखेला इंग्रजीत काय म्हणतात ते हिला आठवेना. तिने वर पाहिलं. पायऱ्यांवर मास्तर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसला होता. तिला त्या रागातही हसू फुटलं... आणि भीती जरा ओसरली. तिने सरळ आपला हात डोक्यावर उचलला आणि काखेवर बोट ठेवलं.

"हिअर. आर्म अप, नो पुलिंग. गर्ल... गर्ल..." ती थांबली. प्रशिक्षिकाही थांबली. कुणी घाई केली नाही. "गर्ल फ्री."

प्रशिक्षिकेने कापड ताणून पाहिलं, उलटं करून टाके पाहिले आणि हात पुढे केला. "कम विथ अस. होल सीझन."

त्यातला एकही शब्द तिला समजावून सांगावा लागला नाही.

ती वर येऊन त्याच्या शेजारी बसली तेव्हा त्याने तोंडावरचे हात काढले, पण विचारलं काहीच नाही. तिनेच सगळं सांगितलं. त्याचा चेहरा फुलला, आणि मग हळूहळू उतरला.

"हंगामभर म्हणजे..."

"उन्हाळ्यापर्यंत."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मदत वगैरे काही नव्हती ती. तुम्ही अडलात की माझाच जीव वर-खाली होतो. आणि... मला..."

एवढा बोलका माणूस, पण घोडं अडलं. पुढचा शब्द तिला केव्हाच कळला होता. तिने तो सांगितला नाही. नुसती बघत राहिली.

"मला तुम्ही आवडता," तो अखेर म्हणाला. "नॉट बॅड वगैरे नाही. फार आवडता."

"आता कसं!" ती म्हणाली. डोळे भरून आले होते, ते तिने लपवले नाहीत.

तेवढ्यात त्याची ताई भाचीला घेऊन पायऱ्या चढत आली. दोघांना इतकं खेटून बसलेलं बघून थबकलीच.

"अरे, ही कोण?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. आणि तिच्याकडे बघितलं.

तिने सावकाश विचार केला.

"मी उद्यापासून बाहेरगावी चाललेय कामाला, ताई," ती म्हणाली. "पण उन्हाळ्यात परतले की तुमच्या घरी येणार आहे. यांना मागणी घालायला."

ताईने एकदा भावाच्या लालबुंद कानांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"उन्हाळ्यापर्यंत कशाला थांबतेस? आज रात्री जेवायलाच ये."