दाराला बाहेरून किल्ली

पटलं नाही तरी चालेल, पण हे खरं घडलंय. माझी मावसबहीण डोलोरेसताई थापा मारत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच तिच्याकडे नाही.

माल्टात, वॅलेटामध्ये बंदराकडे पायऱ्या उतरत जाणारी एक गल्ली आहे, तिथलं ताईच्या आईचं, म्हणजे माझ्या मावशीचं घर. आणि रात्र वगैरे नव्हती. नोव्हेंबरातली सकाळ होती, लख्ख ऊन पडलेलं.

फिलुमेनामावशी त्याच उन्हाळ्यात गेली. शेवटची काही वर्षं ती वरच्या मजल्यावरून खाली उतरलीच नव्हती. गुडघे गेलेले, त्यात आमचे ते दगडी गोल जिने. पावाची गाडी आली की ती बंद लाकडी सज्ज्यातून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. बाकी जेवण, अंघोळ, औषधं, सगळं ताईनं केलं. अंत्यविधीला तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. काही वाटतच नव्हतं, असं ती म्हणते.

फक्त ते घर विकून एकदाचं सुटायचं होतं.

'ऐतिहासिक घर, नूतनीकरणास भरपूर वाव', अशी जाहिरात एजंटनं दिली.

"वाव म्हणजे पडायला आलंय," ताई म्हणाली.

त्या सकाळी एजंट क्लेटन एका जोडप्याला घेऊन येणार होता. त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. ताई आधी पोचली, दार उघडलं आणि किल्ली बाहेरून कुलपातच ठेवली.

सवयीनं.

आमच्याकडे जुन्या बायका अशीच ठेवतात. किल्ली बाहेर म्हणजे घरात माणूस आहे, खुशाल या.

ती खाली मागच्या खिडक्या उघडत होती. गल्लीच्या तोंडाशी पावाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

मग वर... सज्ज्याची खिडकी करकरली.

वारा असेल.

मग दोरी घासल्याचा आवाज. हळूहळू... खाली येणारा.

"मऊ दिलाय गं, फिलुमेना," बाहेरून पाववाला साल्वू ओरडला. "दातांना त्रास नको."

ताई दारात आली.

"साल्वूकाका, कोणाशी बोलताय?"

"तुझ्या आईशी. किल्ली दिसली, टोपली खाली आली, म्हटलं..."

तो मध्येच थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"ती गेली ना गं? मीच खांदा दिला होता."

गल्लीतल्या बायका पावासाठी ताटकळत उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता तो तरातरा गाडीकडे निघून गेला.

ताई वर गेली. खोली रिकामी होती, पलंगसुद्धा देऊन टाकला होता. टोपली सज्ज्यात तिच्या खिळ्याला अडकवलेली. आत काही नाही.

पण खोलीभर ताज्या पावाचा वास होता.

आणि स्वयंपाकघरातून... पावाच्या पापुद्र्यावर सुरी फिरल्याचा आवाज.

ताई तिकडे गेली. तिथंही कोणी नव्हतं.

"घाबरायला हवं, एवढं कळत होतं," ताई मला म्हणाली. "पण हातपाय, डोकं, सगळं बधिर. मी खाली येऊन उभी राहिले."

तेवढ्यात क्लेटन आला. जोडपं घर बघत सगळीकडे फिरलं. नवरा म्हणाला, हा जिना आधी काढू, लिफ्ट बसवू. बायको मात्र सारखी वर बघत होती.

"वर कोण राहतं?"

"कोणी नाही," ताई म्हणाली.

"मग आम्ही दारात आलो तेव्हा 'या' कोण म्हणालं?"

"जुनं घर आहे, बाईसाहेब, माणुसकी शिल्लक आहे," क्लेटन हसला. "फुकटात मिळतेय, घ्या."

नवऱ्याला मस्करी नको होती. त्यानं सरळ ताईला विचारलं, "घर रिकामं करून मिळणार ना?"

ताई जिन्याकडे बघत राहिली. 'नाही' म्हणाली असती तर व्यवहार तिथंच मोडला असता.

"रिकामंच आहे," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर तिनं दार ओढलं आणि कुलपातून किल्ली काढली.

आतून, जिन्याच्या वरच्या टोकाकडून, आवाज आला...

"डोलोरेस... किल्ली राहू दे गं."

ताईनं किल्ली पिशवीत टाकली आणि ती चालू लागली. घर विकलं गेलं.

मागच्या आठवड्यात मी तिच्या नव्या फ्लॅटवर गेलो. चांगली जागा आहे, तळमजल्याची. बेल वाजवायला हात वर केला आणि तसाच राहिलो.

किल्ली बाहेरून दाराला होती.

"ताई, फ्लॅटला कोणी अशी किल्ली ठेवतं का? चोर येईल."

"आईला येता यावं म्हणून," ती म्हणाली. हवापाण्याचं बोलावं तसं.

"आली का कधी?"

"कशी येणार? तिला जिना उतरता येत नाही."

मी चहा संपवला. त्या घरातला जिना नव्या मालकांनी पाडलाय, हे मी तिला सांगितलं नाही.

परवा मी मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. काम थांबलंय, आत कोणी नाही. दाराला नवीन कुलूप आहे.

आणि वर सज्ज्यातून... अर्ध्यावर आलेली टोपली लोंबत होती.