पोटाशी धरलेली हवा

विहिरीच्या काठावर चपला होत्या आणि माणूस नव्हता.

मी जागीच थांबले. हातातला गडू कलला, पाणी मनगटावरून ओघळलं. गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या चपला अशाच होत्या... टाचा उसाकडे, अंगठे पाण्याकडे.

आमच्या जैन घरात पाणी गाळूनच पितात. गाळण्यात अडकलेले बारीक जीव मग त्याच विहिरीत परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. वरून ओतायची नाही. पायऱ्या उतरून, पाण्याला भांडं टेकवून सोडायची. आप्पा रोज उतरत. एका सकाळी शेवटच्या पायरीवर त्यांच्या छातीत कळ आली, आणि ते वर आलेच नाहीत. तेव्हापासून मी गडू दोरीनं खाली सोडते. त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवत नाही.

"कोण आहे?" मी ओरडले. आवाज विहिरीत फिरून माझ्याकडेच परत आला.

पाण्यावर बुडबुडे आले. मग एक डोकं.

"मी हाय, सयाजी! घाबरू नका. पाणभुंगं बघतोय."

"कुणाला विचारून?"

"तुमच्या आईंना. चहापण झाला की!"

तो वर आला तेव्हा अंगातून पाणी निथळत होतं. हातात काचेची बरणी होती. शिवाजी पेठेतला हा मुलगा पाणभुंग्यांवर पीएचडी करत होता, आणि आमच्या वडगावच्या मळ्यातली विहीर त्याला कुणीतरी सांगितली होती. बरणीत अंगठ्याएवढा काळा भुंगा पाय मारत होता.

"ह्यो हायड्रोफिलस. ही सगळी प्रजातीच लई शहाणी बघा. मोठेपणी कुजका पाला खाऊन राहणार, कुणाच्या वाटंला जाणार न्हाय. आणि हे बघा... पोटाखाली चांदी."

खरंच, पोट चकाकत होतं.

"हवा हाय ती. वर येतो, मिशीनं पाण्याचा पडदा फोडतो, हवा घेतो, आणि पोटाशी धरून खाली जातो."

"आणि तुम्ही याला मारणार."

"न्हाय ओ! फोटो काढतो, मोजमाप घेतो, सोडतो."

"मग सोडताना वरून टाकू नका."

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. सगळ्या पायऱ्या उतरून गेला, वाकला, आणि तळहात पाण्याला टेकवून थांबला... भुंगा आपला आपण जाईपर्यंत. मी त्या तळहाताकडे बघत राहिले. नको इतका वेळ.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. मी अट घातली – मी काठावर असेन तेव्हाच उतरायचं, आणि खाली गेल्यावर बोलत राहायचं.

"पाण्याखाली?"

"मग दोरी बांधा मनगटाला. हलवत राहा."

त्यानं एक टोक बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "झालं. आता मी कुठं पळतोय?"

मी उसाकडे बघितलं. कान तापले होते.

आई त्याला दिवस मावळायच्या आत जेवू घालायची. एकदा त्यानं वांग्याची तिसरी वाटी संपवली, तेव्हा मी विचारलं, "मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशिवाय चालतं का तुम्हाला?"

"बुधवारचं सोडलंय," तो ताटाकडे बघत म्हणाला. "रविवारचं सोडायला... जरा वेळ द्या."

"मी कुठं सोडायला सांगितलं?"

"न्हाय, तुम्ही कुठं काय सांगताय!" त्यानं मान वर केली. आई ताक आणायला आत गेली, आणि बराच वेळ आली नाही.

माणूस आवडू लागलं की भीती कमी होत असेल, असं मला वाटायचं. माझी वाढली. तो येणार असला की सकाळपासून हात गार पडायचे. दोरी दोनदा हलली की मी श्वास सोडायची, मग पुन्हा धरायची. त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी दोरी थांबली.

मी ओढली. ताठ. पुन्हा ओढली. खालून कुणी ओढलं नाही. वाऱ्यानं ऊस सळसळला आणि गप्प झाला.

"सयाजी!"

पाणी काळं, गुळगुळीत. एक बुडबुडा नाही.

पायऱ्यांवर शेवाळ होतं. मी चपला काढल्या. पहिली पायरी, दुसरी... मग मी पळतच सुटले, दोरी धरून, भिंतीला खांदा घासत. आप्पांची पायरी आली. तिच्यावरून मी गुडघाभर पाण्यात उतरले. दोरी पाण्याच्या मोटारीच्या पाइपाभोवती गुंतली होती. मी ती हिसकली, आणि मोकळा फासा हातात आला.

नुसता फासा.

पलीकडे पाणी फुटलं. सयाजी खोकत, धापा टाकत वर आला. "अडकली... म्हणून हात सोडवला..." त्याच्या खांद्याजवळ एक भुंगा वर आला, मिशी बाहेर काढून थबकला. दोघांनाही हवा लागत होती.

मग त्यानं मला बघितलं. "तुम्ही... खाली?"

"पुन्हा उतरायचं नाही."

"पण भुंगं–"

"न्हाय म्हणजे न्हाय!"

माझ्या तोंडून त्याचा 'न्हाय' आला, तरी तो हसला नाही. पायरीशी येऊन भिंतीला धरून उभा राहिला.

"पाण्याची एवढी भीती वाटती?"

"चपलांची." मी वर काठाकडे बघितलं. "वर तुमच्या चपला नुसत्याच राहतील... याची."

मग त्यानं तो फासा माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा आपल्या मनगटात घातला. पाण्याबाहेर, काही कारण नसताना.

"धरा," तो हळूच म्हणाला. "ह्यापुढं सोडू नका."

मी धरली.

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. "अपूर्वाऽ!" चिरकलेला, कापरा. मला क्षणभर कळेना... मग कळलं. काठावर चपलांचे दोन जोड होते, आणि माणूस नव्हतं.

"आहोत, आई!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "दोघं आहोत!"