उघाडीच्या सभेचे विडे

"मी हो म्हटलं की न्हाय, तेवढं मला शोधून सांगा," येसूबाई म्हणाली.

मुरूडला अनंतराव रेवाळ्यांच्या ओटीवर सकाळीच येऊन बसलेल्या या बाईने पाण्यालाही हात लावला नव्हता. अनंतराव खासगी तपासाची कामे घेत. त्यांच्याकडे येणारा माणूस सहसा दुसऱ्याचे नाव घेऊन येई. स्वतःबद्दलच विचारायला आलेली ही पहिलीच.

"म्हणजे? स्वतःचं बोलणं तुम्हाला आठवत नाही?" झोपाळ्यावरून सदूभाऊंनी विचारले. हे अनंतरावांचे बालमित्र, निवृत्त चित्रकला शिक्षक. अनंतरावांबरोबर ते प्रत्येक कामावर जात आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घेत.

"आठवतं की. पण सगळा गाव उलट सांगतोय. मंग मलाच वाटायला लागलं, आपलंच चुकलं असंल."

तिने सगळे सावकाश सांगितले. ती खाडीपलीकडच्या केतकीची. केतकीच्या लोकांची भातशेती खाडीकाठच्या खारीत. समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून सगळ्या घरांनी मिळून मातीचा बांध राखलेला, आणि त्या बांधात एक लाकडी दार. त्या दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती पावसाचे पाणी बाहेर सोडते, भरतीला समुद्र अडवते. खारीचा कुठलाही निर्णय सगळ्या घरांच्या सभेतच व्हायचा. बांधाला भगदाड पडले तर सर्वांचीच शेते बुडतात, म्हणून तिथे एकाचाही नकार चालत नसे.

सभेची रीत अशी. देवीच्या देवळात सर्वांनी बसायचे. पंचांनी विषय सांगायचा. त्या विषयाच्या नावाने तबक मांडायचे आणि त्यात प्रत्येक घराचा एक विडा. ज्याला मान्य, त्याने विडा उचलून तोंडात घालायचा. तबकात एकही विडा उरला तर विषय नामंजूर. येसूबाई विधवा असल्यामुळे विडा खात नसे. तिला मान्य असेल तर ती आपला विडा देवीच्या पायांशी ठेवी, आणि ते काम पुरे होईपर्यंत तो तिथून हलवत नसत.

कालच्या सभेला दोन विषय होते. एक, बांधाला पडलेली खांड बुजवायची. दुसरा काळूराम शेठचा. उघाडी उघडून खारीत समुद्र घ्यायचा आणि भातशेतीच्या जागी मिठागर करायचे.

"मी विडा ठेवला तो खांडीसाठी. पण सभा उठली तवा पंचांनी सांगितलं, उघाडीचं तबक रिकामं झालं, विषय मंजूर. शेठ म्हणाला, येसूबाईचा विडापण देवीच्या पायाशी हाय बघा. उद्या अवसेचं उधाण. दुपारी उघाडी उघडणार. माझा एकच वाफा, तो उघाडीला लागून. खारं पाणी शिरलं की भात संपलं. मंग शेठ देईल त्या भावात विकायचं आणि पोरीला घेऊन मुंबईची वाट धरायची."

अनंतरावांनी टोपी घातली.

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या होडीत येसूबाई पुढे नाळेकडे तोंड करून बसली. मागे सुकाणूवर बसलेल्या तांडेलाने कमरेची पुडी सोडून पाहुण्यांना विडे दिले. पाने कडेने सुकली होती. एवढे विडे कुठून आणले, असे अनंतरावांनी विचारले, तर तांडेल हसला. काल सांजेला केतकीच्या शेठनी दिले म्हणाला, मूठ मूठ भरून, सगळ्या खलाशांना.

सदूभाऊंनी विडा तोंडात घातला आणि लगेच गाल धरला. "अरे, यात काडी आहे."

विडा नारळाच्या झावळीच्या हिराने टोचून बंद केला होता. अनंतरावांनी आपला विडा न खाता रुमालात बांधला.

"दानशूर माणूस दिसतो," सदूभाऊ गाल चोळत म्हणाले. "मला वाटतं, हे काम पंचांचं असावं."

केतकीला बाबाजी पंच अंगणात भेटले. भला माणूस, पण कालपासून झोपला नव्हता. सभा लांबते म्हणून या खेपेला दोन्ही तबके एकदमच मांडली, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. खांडीचे आधी मांडले, उघाडीचे मागून.

"आणि मग?"

"मग रंगूची म्हैस." बाबाजींनी कपाळाला हात लावला. विडे उचलणे चालू असतानाच, खांड म्हशीने पाडली असे कोणीतरी म्हणाले. रंगू उठला, त्याच्यामागे दुसरा उठला, एकाच वेळी सगळे बोलू लागले. तबके पायांनी इकडची तिकडे झाली. शेवटी एक काळूराम तेवढा तबकांपाशी थांबला, बाकी अख्खी सभा म्हैस बघायला बाहेर गेली. परत आले तर एकच तबक मध्ये होते, आणि ते रिकामे. काळूरामने सांगितले, हेच उघाडीचे. खांडीच्या तबकाला कोणी हात लावला नाही, म्हणून ते भरलेले तबक मी गुरवाकडे परत दिले, असेही तोच म्हणाला.

"तुम्ही स्वतः कुठला विडा खाल्लात, पंच?"

"एक खाल्ला. कुठल्या तबकातला, ते शपथेवर सांगता येत नाही. पंच असून सांगता येत नाही."

रंगू गोठ्यात सापडला. त्याचा एक गाल सुजला होता आणि तो तोंडात काहीतरी धरून बोलत होता. म्हैस निर्दोष आहे, हे त्याने आधी सांगितले. मग विड्याचे.

"खाल्ला मी. सगळे उचलीत व्हते, मीपण उचलला. खांडीचाच म्हणून उचलला, पण आता शेठ म्हणतो तसंपण असंल."

"तोंडात काय आहे?"

"लवंग. दाढ ठणकतेय. कालच्या विड्यातली ठेवलीय, तेवढाच आराम." त्याने जिभेवर लवंग काढून दाखवली. तिचा रंग पार गेला होता.

"हाच खोटं बोलतोय," बाहेर आल्यावर सदूभाऊ म्हणाले. "म्हैस त्याची, खांड त्याची."

मोरू गुरव देवळात वाती वळत होता. देवीच्या पायांशी येसूबाईचा विडा तसाच होता, लवंग टोचलेला. विड्यांबद्दल विचारताच मोरूने आपले गाऱ्हाणे सांगितले. पाने, सुपारी, लवंगा सगळे शेठच्या दुकानातून आलेले, आणि लवंगा ऐन वेळी कमी पडल्या.

"पहिलं तबक बरं झालं. मागलं करताना लवंगा सरल्या. मंग हीर मारले. देवीपुढं हीर लावलेला विडा, कसं दिसतं ते? पण कोण बघतंय?"

उरलेले विडे कुठे गेले, हे त्याला ठाऊक नव्हते. तोही म्हशीमागे गेला होता. शेठने नंतर त्याला सांगितले, पंचांच्या घरी पोचवले.

"उरलेल्या विड्यांचं एरवी काय करता?"

"देवीपुढचा विडा टाकीत न्हाईत. टाकला तर खार बुडते म्हणतात. आणि नामंजूर विषयाचा विडा खारीतल्या माणसानं खायचा न्हाय. तिऱ्हाइताच्या तोंडी घालायचा."

काळूराम शेठ दुकानात गादीवर बसला होता. त्याने दोघांना गुळाचा चहा दिला आणि शांतपणे बोलला. केतकीतच जन्मलो, माझेही वाफे त्याच खारीत आहेत, गावाचे भले व्हावे एवढीच इच्छा आहे.

"माझ्या एकट्याच्या सांगण्यावर जाऊ नका, रावसाहेब. ज्याला त्याला विचारा. विडा खाल्ला नाही असं म्हणणारा एक दाखवा, मी विषय मागे घेतो."

तसा एकही नव्हता, आणि शेठचे सारे बळ त्यातच होते.

दुकानातून बाहेर पडताना सदूभाऊ पार गोंधळले होते. "कुणीच खोटं बोलत नाही, तरी सगळं खोटं वाटतंय. पंचांना आठवत नाही, रंगूला कळत नाही, बाईला खात्री नाही. अनंता, आपण परत जाऊ या."

"उलट आता सगळं जमलंय," अनंतराव म्हणाले. "चित्र काढताना तू मुलांना काय सांगायचास? आधी काय दिसतं ते काढा, काय असावं ते नंतर. आज प्रत्येकाने आपल्याला काय असावं ते सांगितलं. पण काय दिसलं तेही सांगितलं. तेवढंच जवळ ठेव."

वाचणाऱ्यानेही इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. जे अनंतरावांनी पाहिले, ते सगळे त्यानेही पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतरावांच्या सांगण्यावरून बाबाजींनी पुन्हा सभा बोलावली. भरती लागली होती. उघाडीचा राखणदार धर्मा दाराच्या दोराचा पीळ खांद्यावर टाकून देवळाच्या पायरीवरच थांबला. पाणी वर यायच्या आत त्याला हुकूम हवा होता.

बसल्या बसल्या गलका सुरू झाला. कोणी म्हशीचे काढले, कोणी मिठाच्या भावाचे. अनंतराव खांबाला टेकून ऐकत राहिले. मग त्यांनी बाबाजींना एवढेच विचारले, की आत्ता सभेपुढे विषय कोणता आहे. बाबाजींनी इकडेतिकडे पाहिले. ते त्यांनाही सांगता येईना, आणि गलका आपोआप थांबला.

"परवा असंच झालं," अनंतराव म्हणाले. "दोन विषय एकदम मांडले आणि सगळे एकदम बोलले. म्हणून आपण कशाला हो म्हणालो, हे एकालाही सांगता येत नाही. तेव्हा माणसांना विचारून उपयोग नाही. विड्यांना विचारू."

त्यांनी मोरूला त्याचे गाऱ्हाणे सर्वांसमोर पुन्हा सांगायला लावले. पहिल्या तबकाला लवंगा, मागल्याला हीर. मग बाबाजींना विचारले, पहिले तबक कोणत्या विषयाचे.

"खांडीचं," बाबाजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"रंगू, तोंड उघड."

रंगूने जिभेवर लवंग काढली. ती अजून तिथेच होती.

"येसूबाईंचा विडा देवीच्या पायांशी आहे. सगळ्यांनी पाहावा. लवंगेचा आहे. आता दाढेने आठवा. परवा कुणाला हीर टोचला? एकाला तरी?"

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मागून कोणीतरी म्हणाला, लवंगच होती, मी थुंकली की. मग दुसरा म्हणाला, तिसरा म्हणाला.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी खाल्ले ते खांडीचे विडे. रिकामं झालं ते खांडीचं तबक. भरलेलं राहिलं ते उघाडीचं."

"असं कसं?" काळूराम म्हणाला. "गुरव तबकांची अदलाबदल करू शकतो. आणि ते हिराचे विडे आहेत कुठे?"

"मीही तेच शोधत होतो." अनंतरावांनी रुमाल सोडून सुकलेला विडा देवीपुढे ठेवला. "हा मला दिघीच्या होडीत मिळाला. याचा जोडीदार सदूभाऊंच्या हिरडीत आहे."

सदूभाऊंनी गाल पुढे केला.

"गुरवाला तुम्ही सांगितलंत, विडे पंचांकडे गेले. पंचांना सांगितलंत, गुरवाकडे गेले. गेले ते तांडेलाकडे, तुमच्या हातून. सगळी सभा म्हशीमागे गेली तेव्हा एकटे तुम्ही आत होतात. लवंगा कमी पडल्या हे तुमच्या ध्यानातच आलं नाही, कारण विडा कशाने टोचलाय हे तुम्ही पाहिलं नाहीत. आणि शेठ, विडे तुम्ही खाडीत टाकले असते तर मला काहीच सापडलं नसतं. का नाही टाकलेत?"

काळूरामची नजर देवीकडे गेली आणि खाली वळली.

"देवीपुढचा विडा," तो शेवटी पुटपुटला. "तो टाकीत न्हाईत."

दुकानातले शुद्ध बोलणे गळून पडले होते. मोरूने मान हलवली, जणू शेठने तेवढे तरी बरे केले.

"नामंजूर विषयाचा विडा तिऱ्हाइताच्या तोंडी," अनंतराव म्हणाले. "रीत तुम्ही नेमकी पाळलीत. म्हणजे विषय नामंजूर झालाय, हे सगळ्या गावात तुम्हा एकट्यालाच ठाऊक होतं."

पायरीवरून धर्मा आत डोकावला. "पंच, पानी फळीला टेकलं. उघडू की नको? एकदा काय ते नीट सांगा. परवाच्यासारखं नको."

बाबाजी उठून उभे राहिले. त्यांनी सर्वांना बसवले, आणि सर्व बसेपर्यंत ते बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विषय सांगितला, उघाडी उघडायची का. मोरूने एकच तबक मांडले. सगळे तबकाकडे पाहत होते, आणि या खेपेला एकमेकांच्या तोंडाकडे कोणीच पाहत नव्हते.

एकही हात पुढे झाला नाही. शेठचाही नाही.

"राहू दे बंद," बाबाजी धर्माला म्हणाले.

दुपारी उधाण आले. माणसे टोपल्या घेऊन खांडीवर उतरली होती. बाबाजी एकेकाला काम सांगत होते आणि पहिले उरकल्याशिवाय दुसरे सांगत नव्हते. येसूबाई आपल्या वाफ्याच्या कडेला उभी होती. पलीकडे समुद्र उघाडीच्या फळ्यांवर थापा मारीत होता, आणि अलीकडे तिच्या पायांखालची ढेकळे कोरडी होती.

"मी हो म्हटलंच नव्हतं," ती अनंतरावांना म्हणाली. मग पदर खोचून तिने मातीची टोपली उचलली.