धुऊन वापरायचा फिल्टर

ऑफिसात त्याला सगळे ‘दुबार’ म्हणत. लिफ्ट तपासणं हे त्याचं काम. ब्रेक एकदा लागला की बाकीचे सही ठोकून चहाला पळत. हा मात्र लिफ्ट पुन्हा वर नेऊन पुन्हा सोडायला लावायचा. “एकदा थांबली ते नशीब असू शकतं,” तो म्हणायचा, “दुसऱ्यांदा थांबली तर तो ब्रेक.” लोक टिंगल करत, पण त्यानं पास केलेल्या लिफ्टमध्ये बिनघोर चढत.

असा माणूस जुन्या गाडीच्या नादी लागेल असं कोणाला वाटलं नव्हतं. गाडी त्याच्याच वयाची, फिकट हिरवी, गोल दिव्यांची. विकणाऱ्या बाई नवऱ्यामागे एकट्याच राहिलेल्या. त्यांच्याकडे आधी बरीच गिऱ्हाइकं येऊन गेली होती, पण त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं होतं. याला मात्र त्यांनी भाव सांगण्याआधी विचारलं, “घरात कुणाला श्वासाचा त्रास?”

“मुलीला आहे. दमा. सहा वर्षांची आहे.”

बाईंनी लगेच किल्ली काढून दिली. “आमच्या ह्यांनाही होता. गाडी आल्यापासून बरेच बरे होते. शेवटी छातीत पाणी झालं, त्यातच गेले.” फाटकापर्यंत येऊन त्या म्हणाल्या, “एअर फिल्टर धुऊ नका हं. बदला.”

कागदाचा फिल्टर कोण धुणार, असं दुबारला वाटलं. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून त्यानं मान हलवली.

घरी आणून त्यानं बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरच्या डोक्यावर पातेल्याएवढा पत्र्याचा गोल डबा होता आणि आतल्या फिल्टरच्या पार चिंध्या झाल्या होत्या. तसा फिल्टर आता कोणी बनवत नव्हतं. त्यानं सुट्या भागांचा बाजार पालथा घातला. एक फिल्टर डब्यात जाईना, दुसरा आत गोट्यासारखा फिरे, तिसरा इतका उंच की झाकण बसेना. शेवटी एका पोटमाळ्यावरच्या दुकानदारानं लाल जाळीदार कापडाचा फिल्टर पुढे केला.

“हा अपग्रेड आहे, साहेब. एवढा एकच उरलाय. गाडी कशी मोकळा श्वास घेईल बघा. मळला की साबणाच्या पाण्यात बुचकळायचा, सावलीत वाळवायचा, परत लावायचा. तुमच्या नातवंडांना पुरेल.”

फिल्टर डब्यात असा बसला, जणू माप देऊन शिवून घेतला होता.

त्याच आठवड्यात ठमीचा खोकला थांबला. ठमी म्हणजे त्याची लेक. जिना चढताना मधे दोनदा टेकणारी पोर आता एका दमात वर जाऊन खाली वाकून बापाला चिडवायला लागली. खोकल्याचं औषध कपाटात मागे गेलं, श्वासाचा पंप दप्तरातून निघून खणात पडला. बायको म्हणाली, “डॉक्टर बदलत बसलो उगीच. गाडीच आणायला हवी होती!” दुबार खूप हसला. कितीतरी दिवसांनी त्या घरात नवराबायको रात्रभर झोपत होती.

महिन्याभरानं त्यानं सवयीप्रमाणे डबा उघडला. फिल्टर मळला होता, पण आतून.

तो जरा वेळ बघतच राहिला. इंजिन हवा बाहेरून आत ओढतं, तेव्हा धूळ बाहेरच्या अंगाला बसायला हवी. बाहेरचं अंग दुकानातून आणल्यासारखं लाल होतं. आतल्या घड्या मात्र करड्या, ओल्या आणि चिकट झाल्या होत्या. त्यानं बोट लावून वास घेतला. तेलाचा वास नव्हता. गोडसर वास होता, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा.

त्यानं दुकानदाराला फोन केला. “जुन्या इंजिनात तेलाची वाफ उलटी येते,” दुकानदार म्हणाला. दुबारला ते पटलं, किंवा त्यानं ते पटवून घेतलं. आठवड्यानं त्यानं पुन्हा डबा उघडला, तर आतला थर वाढला होता.

झाकण लावताना त्याचा हात डब्याच्या तोंडापाशी गेला. गाडी कालपासून बंद होती, पत्रा गार होता. तळहाताला हवा लागली. मग ती आत ओढली गेली. पुन्हा लागली. त्या येण्याजाण्यात एक बारीक शीळ होती. ती त्यानं सहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकली होती आणि हजार शिळांत ओळखली असती.

त्यानं हात झटकन काढला, बॉनेट आपटलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय? आणि ठमी तर बरी होती.

मग ठमीला पुन्हा धाप लागायला लागली. आधी खेळताना, मग चालताना, मग नुसतं बोलताना. पंपाचा उपयोग होईना, औषध लागू पडेना. बायको रडकुंडीला आली. दुबारनं डबा उघडला तर घड्या दिसेनाशा झाल्या होत्या, इतकं आत साचलं होतं. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. पण फिल्टर तुंबला की साफ करायचा, एवढं त्याला कळत होतं.

रविवारी सकाळी लख्ख ऊन होतं. त्यानं अंगणात बादली ठेवली, साबण कालवला, फिल्टर काढून आणला. वरच्या खिडकीत बायको ठमीची वेणी घालत होती. ठमीनं हात हलवला. त्यानंही हलवला.

मग त्यानं फिल्टर पाण्यात दाबला. तो वर येऊ बघत होता, म्हणून त्यानं तळहातानं खाली धरला. भराभर बुडबुडे निघाले.

वर खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

“अहो! अहो, हिला बघा! श्वास घेत नाहीये ही!”

तो तसाच धावला. निथळता फिल्टर हातातच राहिला. वर पोचला तेव्हा ठमी फरशीवर बसून खोकत होती. ओठ निळे पडले होते. हनुवटीवर पांढरा फेस होता आणि फ्रॉक गळ्यापासून पोटापर्यंत भिजला होता.

“पाण्याचा थेंब नव्हता हो तिच्या तोंडात,” बायको म्हणत होती. “हे आलं कुठनं?”

ठमीचा श्वास परत सुरू झाला होता. दुबारनं हातातल्या फिल्टरकडे पाहिलं. तो जिना उतरला.

खाली बादलीतला फेस अजून हलत होता.

हे योगायोगानंही झालं असेल. पोरीला ठसका लागला असेल. जगात असं काही नसतं हे तो जाणून होता. पण एकदा झालेल्या गोष्टीवर त्यानं आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. नको, असं तो स्वतःला म्हणाला. मोठ्यानं म्हणाला.

त्याचे हात मात्र कामाला लागले होते.

फक्त कडा. फक्त नखाएवढी.

त्यानं कडा पाण्याला टेकवली.

वर बायको किंचाळली.

त्यानं फिल्टर ओढून काढला, छातीशी धरला. शर्टानं पुसला, घडीन् घडी टिपली, फुंकर घालायचीही त्याला भीती वाटली. मग पायरीवर बसून तो फिल्टर मांडीवर घेऊन राहिला. धुवायचा नाही आणि तुंबू द्यायचा नाही. बदलायला दुसरा कुठून आणायचा? डोळ्यांतून पाणी येत होतं, ते फिल्टरवर पडू नये म्हणून त्यानं मान वळवली.

थोड्या वेळानं मागे लहान पावलं वाजली. अर्धी वेणी सुटलेली ठमी येऊन त्याला टेकून बसली. ती रडत नव्हती. तिनं फिल्टरवर हात ठेवला. तिचा श्वास आणि त्याच्या मांडीवरची ती हलकी हालचाल एकाच लयीत चालली होती.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “पहिल्यांदा तुला माहीत नव्हतं.”

त्यानं फिल्टर आणखी जवळ ओढला.

“मग दुसऱ्यांदा का बुडवलंस?”