काकांच्या खात्यातून परत आलेला मसुदा

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही. उलट भुताखेतांचं नाव काढलं की नाक मुरडणारी. रात्रबित्र काही नव्हती. शनिवारची भर दुपार, ऑफिसचा दुसरा मजला, खिडक्यांतून लख्ख ऊन.

ताई पेन्शनच्या ऑफिसात आहे. तिथल्या कामकाजातल्या प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ लिहून ठेवणं हे तिचं काम. अर्थ बदलायचा तर आधी मसुदा करायचा. दुसऱ्या कोणी तो तपासून मंजूर केला, की मगच प्रकाशित होतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे चालतो. आपला मसुदा आपणच मंजूर करायचा नाही.

तपासायचे ते ऑफिसातलेच एक जुने सहकारी, सगळे त्यांना काका म्हणायचे. शेजारच्याच टेबलावर बसायचे. भारी चिकित्सक माणूस.

गेल्या वर्षी वारले.

त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. त्यांचं खातं बंद करायलाही कोणाला सवड झाली नाही. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. मग काय, मसुदा आपण लिहायचा आणि काकांच्या खात्यातून आपणच मंजूर करायचा. मेलेल्या माणसाच्या नावावर अख्खं ऑफिस चाललं होतं.

त्या शनिवारी साहेबांनी 'हयात पेन्शनर' या शब्दाचा अर्थ बदलायला लावला. यंदा खिडकीवर स्वतः येऊन सही केली असेल, तोच हयात. बाकीच्यांची पेन्शन सोमवारी दुपारपासून बंद.

ताईला आधी काकूच आठवल्या. काकांच्या मागे काकू होत्या, त्यांच्या पेन्शनवर जगणाऱ्या. अंथरुणाला खिळलेल्या. त्या कुठल्या येतायत खिडकीवर?

"साहेब, घरी जाऊन सही आणायची सोय ठेवू या ना."

"ते पुढच्या आवृत्तीत बघू. आधी हे प्रकाशित करा."

पुढची आवृत्ती म्हणजे नुसती तोंडाला पानं पुसणं, हे ताई पक्कं ओळखून होती. पण साहेबांपुढे बोलायची सोय नाही. चडफडत तिने मसुदा लिहिला. काकांचं खातं उघडलं. 'मंजूर' दाबलं.

मसुदा परत आला.

चुकून दुसरंच बटण दाबलं असेल, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा परत.

तिने वैतागून कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"बंद करून चालू करा," तो म्हणाला. त्याचं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध.

केलं. तरी परत. आणि आता मसुद्याखाली एक शेरा होता...

"ज्यांना उठता येत नाही, त्यांचं काय?"

काकांच्या खात्यातून.

मजल्यावर ती एकटीच होती. पंखासुद्धा बंद होता. तेवढ्यात शेजारून आवाज आला...

टक. टक. टक.

पेन टेबलावर आपटल्यासारखा. विचार करताना काका असंच करायचे.

टेबल रिकामं होतं.

ताई तडक वर साहेबांच्या केबिनमध्ये गेली. शेरा बघून साहेब भडकले. "कोणाला सुचतात असल्या मस्कऱ्या?" त्यांनी स्वतःच्या खात्यातून मंजुरी देऊन टाकली.

प्रकाशित.

ती खाली आली, तेव्हा टकटक थांबली होती. काकांची खुर्ची... मागे सरकलेली होती. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

रविवार तिने कसाबसा काढला. राग साहेबांचा आला होता, त्याहून जास्त स्वतःचा.

सोमवारी दुपारी हयातांची नवी यादी निघाली. नसणारच, अशा खात्रीने तिने काकूंचं नाव शोधलं.

नाव होतं. सही त्याच दिवशी सकाळची.

ती धावत खिडकीवरच्या क्लार्ककडे गेली. हा मुलगा नवा, काकांना त्याने कधी पाहिलेलंही नव्हतं.

"आल्या होत्या की, खिडकी उघडल्या उघडल्या," तो म्हणाला. "यजमान होते ना बरोबर, हात धरून."

ताईने काकूंच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला.

"काहीतरीच काय, ताई? कूस बदलायलासुद्धा आम्ही दोघं लागतो."

मग आवाज खाली आणून म्हणाली...

"पण मघाशी अंग पुसायला गेले, तर आईंचे तळपाय धुळीने माखलेले होते. कुठून आली धूळ, देव जाणे."

ताईने फोन ठेवला.

सही दरवर्षी लागणार आहे. पुढच्या वर्षीच्या त्या सोमवारची रजा ताईने आत्ताच टाकून ठेवलीय.