टोपघराचा चुकलेला नंबर

टोपाच्या दुकानात येणाऱ्या माणसाच्या डोक्याकडे पाहायचं नाही, डोळ्यांकडे पाहायचं, असा आत्याचा दंडक होता. म्हणून दार वाजलं तेव्हा भाचीने आधी डोळ्यांकडे पाहिलं. डोळे बरे होते. बरे म्हणजे… चांगलेच होते. मग दंडक मोडून तिने वर पाहिलं, तर केस इतके दाट की त्यातून दोन टोप आणि वर एक मिशी आरामात निघाली असती.

"बोला. कोणासाठी हवाय?"

"मला नकोय," तो म्हणाला. अंगात ग्रीसचे डाग पडलेला निळा शर्ट, खांद्यावर पान्यांची पिशवी. "मी शेजारच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला आलोय. तुमच्या काचेतली ती लाकडी डोकी दिसली, आणि… एक विचारू? तुमच्या फोन नंबराचे शेवटचे दोन आकडे कोणते?"

"सेहेचाळीस."

त्याने डोळे मिटून लांब श्वास सोडला. "माझे चौसष्ट. बाकी सगळे आकडे आपले सारखेच असणार."

या वाक्यात गोड वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी तिला ते वाटलं.

"तुमच्या वेबसाइटवर गेली दोन वर्षं माझा नंबर आहे," तो म्हणाला, आणि पिशवीतून एक वही काढून काउंटरवर ठेवली. "हे तुमचे त्रेसष्ट फोन. नुसते यंदाचे."

वहीत रकाने आखले होते. नाव, गाव, टक्कल कुठून कुठपर्यंत.

"तुम्ही… लिहून घेतलंत?"

"आधी 'राँग नंबर' म्हणून ठेवून द्यायचो. मग एकदा एक आजोबा म्हणाले, 'बाळा, आयुष्यभर हेच ऐकत आलोय.' त्यानंतर जिवावर यायला लागलं."

आतून आत्या बाहेर आली. चष्मा कपाळावर, हातात आकडीची सुई. जाळीच्या टोपीत एकेक केस ओवून गाठ मारायची, असं एका टोपाला तीन आठवडे, असं तिने तीस वर्षं केलं होतं. दोन वर्षं गिऱ्हाईक आटलं तेव्हा लोकांचं खाणंपिणं सुधारलं असणार, असा निष्कर्ष काढून ती मोकळी झाली होती. आता तिने वही उलटसुलट करून पाहिली.

"मेल्या, दोन वर्षं माझं गिऱ्हाईक खातोयस, आणि अंगाला लागलेलं तर दिसत नाही! पत्ता होता की साइटवर. यायचं नाही का सांगायला?"

त्याने मुकाट्याने फोनवर साइट उघडली. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, 'आम्ही जुन्याच जागी आहोत.'

हे आत्यानेच सांगितलं होतं आणि तिच्या जावयाने तसंच टाइप केलं होतं. जावई फार आज्ञाधारक. साइट त्यानेच उभी केली, तिचं नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं, पासवर्ड स्वतःच्या डोक्यात ठेवला आणि ते डोकं घेऊन मालवाहू जहाजावर नोकरीला निघून गेला. साइटवर तेरा टोपांचे फोटो होते. प्रत्येक इतका जड की पहिला उघडेपर्यंत पाहणाऱ्याचे उरलेसुरले केसही गळावेत.

"तुम्ही स्वतः कधी उघडून पाहिली नाही?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"पाहिली ना. उद्घाटनाला," भाची म्हणाली. "रोज कोण बघतं? दुकानाची पाटी आपण रोज वाचतो का?"

"मी दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये आधी मी बसतो. सगळे मजले फिरून येतो. मग लोकांना बसू देतो." मग म्हणाला, "नाहीतर लोक नवव्या आणि दहाव्याच्या मधे राहतात."

ती हसली. तो हसला नाही, पण कान लाल झाले.

ठरलं असं, की पासवर्ड मिळून नंबर दुरुस्त होईपर्यंत त्याने फोन घ्यायचे, वहीत लिहायचे आणि दर गुरुवारी आणून द्यायचे. गुरुवारी त्याची या गल्लीत फेरी असायची. निदान तो तसं म्हणाला.

* * *

गुरुवार सुरू झाले.

"एक बाई आहेत. त्यांना टोप घालून पोहता येईल का?"

"येईल. टोप वेगळा पोहेल, बाई वेगळ्या."

"मी हेच सांगितलं. जरा सभ्य शब्दांत."

कधी तो लिफ्टच्या छतावर उभा असताना फोन यायचा, कधी तेलाचे हात असताना. एका वधूपित्याला त्याने बाराव्या मजल्याच्या उंचीवर लोंबकळत अर्धा तास धीर दिला होता. "शेवटी ते म्हणाले, तुमच्याशी बोलून हलकं वाटलं, टोप नकोच. तुमचं गिऱ्हाईक घालवलं मी. सॉरी."

"आत्याला सांगू नका," ती म्हणाली. आणि असं त्यांचं पहिलं गुपित झालं.

मग म्हणाला, लोक डोक्याचं माप कसं घ्यायचं ते विचारतात, मला येत नाही. ती टेप घेऊन उठली. स्टुलावर तो ताठ बसला, जणू लाकडी डोक्यांतलाच एक. कपाळापासून मानेपर्यंत. एका कानापासून दुसऱ्यापर्यंत. घेर घेताना तिची बोटं त्याच्या कानामागे क्षणभर… थांबली नाहीत. थांबली असं फक्त त्या दोघांना वाटलं.

"सत्तावन्न," ती म्हणाली.

"चांगलं असतं?"

"साधारण असतं."

"माझं सगळंच साधारण आहे. नंबर सोडून."

बाहेर पाऊस वगैरे काही नव्हता. समोरचा दुकानदार शटरला तेल घालत होता. तरीही भाचीला त्या दिवशी गाठीच गाठी चुकल्या.

इकडे जहाजावरून जावयाचं उत्तर आलं होतं. 'पासवर्ड आठवत नाही. साइटची जागा ज्यांच्याकडून भाड्याने घेतली त्या कंपनीला फोन करा. ते एक गुप्त प्रश्न विचारतील. काहीही झालं तरी उत्तर आईंना कळू देऊ नका.'

कंपनीच्या बाईने प्रश्न विचारला : "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?"

जावयाने जन्मात साधी मुंगी पाळली नव्हती. भाचीने आठवडाभर डोकं खाजवलं. लिफ्टवाल्याने वहीच्या मागच्या पानावर कुत्र्यामांजरांची चाळीस नावं लिहून दिली, ती सगळी वाया गेली. शेवटी एका शुक्रवारी दुपारी, आत्या आत जेवत असताना, तिला जावयाचं ते शेवटचं वाक्य आठवलं. तिने फोन लावला आणि तोंडावर हात धरून म्हणाली, "सासूबाई."

"बरोबर," कंपनीची बाई म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं, त्यासाठी तिला पगार मिळत असावा.

साइट हातात आली! भाचीने पदर खोचला. कशालाही हात लावण्याआधी सगळ्या साइटची एक प्रत उतरवून घेतली, कारण जुनं बिघडलं तर परतायला वाट हवी, हे तिला टोपावरून ठाऊक होतं. प्रत दोन ठिकाणी ठेवली, एक कपाटात. साइटचं नाव आत्याच्या नावावर करून घेतलं आणि त्याची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं. फोटो हलके केले. नवा पासवर्ड डबीत घालून डबी आत्याच्या ट्रंकेत. पत्ता खरा घातला.

नंबर उरला.

चौसष्टचं सेहेचाळीस. अर्ध्या मिनिटाचं काम. नंबराच्या चौकटीत ती छोटी रेघ लुकलुकत राहिली… भाचीही लुकलुकत राहिली. नंबर बदलला की फोन थांबले. फोन थांबले की वही थांबली. आणि वही थांबली की गुरुवारी लिफ्टवाल्याने यायचं ते कशाला? केस कापून घ्यायला?

तिने साइट बंद केली. गुरुवारी तो म्हणाला, "पासवर्ड?"

"शोधतेय," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि चटकन वही उघडली.

असे तीन गुरुवार गेले.

तिसऱ्या गुरुवारी तो आला तो मान खाली घालून. एका नाटक कंपनीला सोळा टोप हवे होते, अख्ख्या हंगामाचं काम. त्यांनी तीनदा फोन केला. तो लिफ्टच्या खड्ड्यात होता, तिथे रेंज नव्हती. वर येऊन फोन केला तेव्हा त्यांनी दुसरीकडे ठरवून टाकलं होतं.

आत्याने हातातली सुई खोचून ठेवली. तो गेल्यावर म्हणाली, "ठमे, माझी बोटं अजून दोनचार वर्षं चालतील. पण सोळा-सोळा टोप असे हवेत जाणार असतील तर मी दिवाळं निघायच्या आत कुलूप लावते. तू बघ कुठे नोकरी."

भाचीला चार रात्री स्वतःचा राग आला. आपल्या गुरुवारांसाठी आपण आत्याचा धंदा गहाण ठेवला! सोमवारी सकाळी तिने साइट उघडली, चौसष्टचं सेहेचाळीस केलं, आणि रडली नाही. डोळ्यांत केस गेला होता. त्या दुकानात हे सहज पटण्यासारखं होतं.

बुधवारी दुकानाचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. आत्या फोनकडे आधी संशयाने पाहायची, मग धावत जायला लागली.

गुरुवारी तो आला. नंबर बदलल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "दोनच फोन," म्हणाला. "काही लोकांच्या फोनमध्ये पानाची जुनी प्रत राहते म्हणे, दिवसभर वगैरे."

"राहते," ती म्हणाली. दोघंही जुन्या प्रतीत अतोनात रस असल्यासारखं बोलले.

पुढच्या गुरुवारी तिला वाटलं होतं तो येणार नाही. बरोबर चार वाजता दार वाजलं.

"एक फोन आलाय," तो वही न उघडताच म्हणाला. "एक गृहस्थ. मध्यमवयीन. फार निकड आहे."

"डोक्याचा घेर?"

"चौ… चौऱ्याऐंशी."

तिने सुई खाली ठेवली. "हे डोकं आहे की भोपळा?"

"मोठे गृहस्थ आहेत."

"नंबर बदलून आज दहा दिवस झाले. इतके दिवस जुनी प्रत कुठेच राहत नाही." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "साइटवर कोण किती वेळा आलं ते इथे दिसतं. मी परवाच शिकले. रोज तीस जण यायचे. त्यातले बावीस मीच. पण हे बघा. एक फोन रोज यायचा. सकाळी, जेवायच्या सुट्टीत, संध्याकाळी. बाकी काही बघायचा नाही, टोप नाही, फोटो नाही. फक्त संपर्काचं पान. आणि मी नंबर बदलला त्या सोमवारी हा माणूस… एक्केचाळीस वेळा आला. मंगळवारपासून आलाच नाही."

"कोण ते दिसतं का त्यात?"

"नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. मग पिशवी खाली ठेवली. "मीच तो."

"एक्केचाळीस वेळा काय बघत होता?"

"वाटलं, माझ्याच फोनमध्ये काहीतरी बिघाड आहे. पुन्हा पुन्हा उघडलं. प्रत्येक वेळी सेहेचाळीस." त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "पत्ता दुरुस्त झालेला मी त्याच शुक्रवारी पाहिला होता. फोटोही झटकन उघडायला लागले. म्हणजे पासवर्ड मिळाला. फक्त माझा नंबर तसाच होता. म्हटलं, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तसाच. मग रोज बघायचो. आहे अजून… आहे अजून…"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "म्हणजे तुला माहीत होतं?"

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"हो."

"आणि तरी तीन आठवडे त्या सगळ्या टकल्यांचे फोन घेत राहिलास?"

"तेहतीस. आनंदाने घेतले. नाटकवाल्यांचं झालं तेव्हा मात्र… मीच सांगायला हवं होतं की बदल. तोंड उघडेना. सोमवारी तू बदललास. बरोबरच केलंस. पण मला वाटलं, संपलं. आज निघताना ठरवलं होतं, सरळ विचारायचं. आणि दारात आल्यावर तोंडातून तो मोठ्या डोक्याचा गृहस्थ निघाला."

"काय विचारायचं होतं?"

तो तोंड उघडणार, तेवढ्यात काउंटरवरचा फोन खणाणला. आत्या आत केस धूत होती, हात फेसात. भाची जागची हलली नाही. दोन वर्षांची सवय वाईट असते, लिफ्टवाल्याचाच हात गेला.

"नमस्कार, टोपघर. बोला." त्याचा आवाज आपोआप मऊ झाला. "हो… हो. कुठून सुरुवात झालीय? मागून? काही काळजी करू नका, फार जणांचं तसंच असतं…"

ती त्याच्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "हो."

त्याने फोनवर तळवा दाबला. "काय?"

"हो, म्हटलं."

"पण मी अजून विचारलं कुठे?"

"मग मी काय दर गुरुवारी वाट बघत बसू?"

"अगं ए," आतून आत्या ओरडली, "त्याला म्हणावं आधी गिऱ्हाइकाचं बघ, मग माझ्या भाचीचं!"

त्याने तळवा काढला. फोन कानाला लावला, तो उलटा, मग सुलटा केला. भाचीचा हात त्याच्या दुसऱ्या हातात कधी आला होता, कोण जाणे. ग्रीसचा डाग तिच्या बोटांवर उमटला होता.

"आहात ना तुम्ही?" तो फोनमध्ये म्हणाला. "काही चिंता करू नका. या उद्याच. तुमचं काम होऊन जाईल… आज सगळ्यांचीच कामं होतायत."